बेलावरचे भाडेकरू

श्रावण निम्मा सरला की आमच्या फाटकाजवळच्या बेलाची पानं विरायला लागतात. आधी पानाच्या कडेला नखाएवढा घास दिसतो, दुसऱ्या दिवशी अर्धं पान नाहीसं होतं, आणि बघता बघता काही डहाळ्यांवर नुसत्या शिरा उरतात. सोमवारी सकाळी शेजारच्या सुना पिशव्या घेऊन येतात, फाटक उघडून सरळ आत शिरतात, फांदी वाकवतात आणि हिरमुसतात. झाडाला औषध का मारत नाही, असं दर वर्षी कोणीतरी मला विचारतंच. मी त्यांना चहा पाजते आणि वरच्या अंगाची चांगली पानं काढायला काठी देते. औषधाचं तेवढं कानाआड करते. मास्तरीण म्हणून जन्म काढला, न ऐकल्यासारखं करणं मला चांगलं जमतं.

यंदा मात्र गोष्ट औषधावर थांबली नाही. मुळांनी कंपाउंडची भिंत फुगवली आहे म्हणून मुलानं झाड तोडायचं ठरवलं, आणि रविवारी करवतवाला येईल असं मला जेवताना सांगून टाकलं. त्याचं चूक नाही. भिंतीला तडा गेलाय आणि त्यात माझी सुपारीची डबी मावेल. मी वाद घातला नाही. हात धुतले, खुर्ची उचलली आणि बेलाखाली जाऊन बसले. पाऊस नुकता उघडला होता, ऊन कोवळं होतं, आणि माझ्या डोक्यावरून वकीलसाहेब गेले.

वकीलसाहेब म्हणजे फुलपाखरू. तळहाताएवढं, काळंभोर, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ आणि खाली छोटीशी शेपटी. काळा कोट आणि पांढरी पट्टी, म्हणून लहानपणी मी त्यांना वकील करून टाकलं. ती मोठी पाखरं उडायचीही तशीच, तारीख लागली आहे आणि उशीर झाला आहे अशी. त्यांच्यातच दुसरी असायची, तशीच काळी, पण मागच्या पंखावर लाल-पांढरे डाग. ती कुंकवाची. कितीतरी वर्षं मी त्या दोन वेगळ्या जाती समजत होते. ही कुंकवाची म्हणजे वकिलाचीच बायको, हे मला फार उशिरा कळलं. तिसरी पिवळट अंगावर काळी नक्षी असलेली, ती चिटाच्या लुगड्याची. शास्त्रातली त्यांची नावं मी पुढे वाचली आणि विसरूनही गेले. ही तीन काही विसरता आली नाहीत.

यवतमाळहून लोहारा मागे टाकलं की पुढे आमचं गाव. आता त्या वाटेवर कारखान्यांच्या भिंती दिसतात, तेव्हा दोन्ही हातांना कपाशी आणि तूर होती. गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती आणि वस्तीच्या टोकाला आमचं घर. कुडाच्या भिंती, कवेलूचं छप्पर, तुऱ्हाट्यांचं कुंपण, आणि अंगणात हा एवढा मोठा बेल. तो कोणी लावला ते बालाही माहीत नव्हतं. बा म्हणजे माझे वडील. यवतमाळच्या एका जिनमध्ये ते सरकी वेगळी करायच्या यंत्रावर असायचे. पावसाळ्यात जिन बंद, तेव्हा लोकांच्या शेतात निंदण-डवरणीला जायचे आणि सांजेला घरी असायचे. म्हणून माझ्या आठवणीतला बा बहुतेक पावसाळ्यातला आहे. ओल्या अंगाचा, चिखलाच्या पायांचा, चुलीपुढे हात शेकणारा.

त्या बेलाचं एक काम होतं आणि ते आमच्या घराकडे चालत आलेलं होतं. श्रावणातल्या सोमवारी गावच्या महादेवाला बेल आमच्या झाडाचा जायचा. बा भल्या सकाळी टोपली भरायचे, वर ओलं फडकं टाकायचे आणि देवळाच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर ती ठेवून मागे सरायचे. मग गुरव बाहेर येणार, टोपलीवर पाणी शिंपडणार आणि टोपली आत नेणार. आमचा बेल पिंडीवर जाऊन बसायचा आणि बा पायरीखाली रिकाम्या टोपलीची वाट बघत उभे राहायचे. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, कारण आपलं झाड देवाच्या डोक्यावर आहे याचाच मला गर्व झाला होता.

देवाला पान लागतं ते तीन दळांचं आणि अख्खं. अळीनं कुरतडलेलं चालत नाही. त्यामुळे आषाढ लागला की अळ्या वेचणं हे माझं आणि मायचं काम. बारीक अळ्या अगदी चिमणीच्या शिटेसारख्या दिसतात, काळपट-पांढऱ्या, नजर फसते. मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात आणि बोट लावलं की मानेतून नारिंगी रंगाचं दुबेळकं शिंग बाहेर काढतात. त्या शिंगाला नासक्या लिंबासारखा आंबूस वास. तो हाताला दिवसभर राहायचा आणि भाकरीलाही लागायचा. वेचलेल्या अळ्या आम्ही कोंबड्यांना टाकायचो. कोंबड्या बेट्या आषाढात माझ्यामागे पलटणीसारख्या फिरायच्या.

मग तो दसरा आला. बा वस्तीतल्या माणसांबरोबर नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन परत आले. घरातले देवांचे टाक, कोनाड्यातली खंडोबाची तसबीर, सगळं एका पोत्यात बांधून त्यांनी विहिरीत नाही, नदीत सोडलं, कारण विहिरीचं पाणी आपण पितो. कोनाडा सारवून तिथं बुद्धाचं चित्र लागलं. गावची जुनी कामं वस्तीनं सोडली. रोज सांजेला कंदिलाभोवती सगळे बसायचे आणि पंचशील म्हणायचे. बाला वाचता येत नव्हतं. मी चौथीत होते, मी ओळ सांगायची आणि त्यांनी माझ्यामागून म्हणायची. यंत्राच्या तालावर डोकं हलवायची त्यांना सवय, तसंच डोकं हलवत ते पाठ करत. पहिलाच नेम जीव मारणार नाही असा. तो त्यांना सगळ्यांत आधी पाठ झाला आणि म्हणताना त्यांचा आवाज आपोआप चढायचा.

दीक्षेनंतरचा पहिला श्रावण आला तेव्हा बानं टोपली माळ्यावर टाकून दिलेली होती. त्या आषाढात आम्ही अळ्याही वेचल्या नव्हत्या. कोणासाठी वेचायच्या? पहिला सोमवार तसाच गेला. दुसऱ्या सोमवारी सकाळी गुरव स्वतः आमच्या कुंपणाशी येऊन उभा राहिला. वस्तीत त्याला पाय ठेवताना कोणी कधी पाहिलं नव्हतं. दुसरे बेल होते ते पार जंगलाकडे, आणि नाल्याला पूर होता. बेल पाहिजे होता, असं तो कुंपणाबाहेरूनच म्हणाला. बा उंबऱ्यावर दात घासत होते. उठून उभे राहिले.

"झाड हाय, गुरवबुवा. आत या आन् तोडून घ्या. मी आता आनून देत नाई."

गुरवानं इकडेतिकडे पाहिलं. अख्खी वस्ती आपापल्या दारात आली होती. मला वाटलं, हा आता परत जाणार. पण त्यानं धोतराचा सोगा हातात धरला, अंग चोरून कुंपणाच्या वाटेतून आत आला आणि बेलाखाली गेला. एक फांदी ओढली, सोडली. दुसरी ओढली. जिकडेतिकडे भोकं. पानं धुंडाळता धुंडाळता त्याचा हात एका अळीला लागला, तिनं शिंग काढलं, आणि त्यानं चटका बसावा तसा हात झाडला. हे असं काहून झालं, असं त्यानं विचारलं. या साली आमच्याकडून कोणी अळ्या वेचल्या नाहीत, असं बानं सांगितलं. मग जरा थांबून ते म्हणाले,

"सगळी उष्टी हायेत. देवाले चालन का?"

त्यात टोमणा नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. देवाला अख्खं पान लागतं हे ज्याच्या घराण्यानं सांभाळलं, तो माणूस काळजीनं विचारत होता. जुनी सवय होती, ती एका दसऱ्यात कशी जाणार? गुरवानं पसाभर पानं कशीबशी गोळा केली. धुऊन घेतो म्हणाला आणि गेला.

वस्तीत दिवसभर हसणं चाललं. गुरव आत आला, गुरव आत आला. बाच्या पाठीवर थापा पडल्या. बा मात्र हसले नाहीत. संध्याकाळी मायजवळ ते बोलले ते मी चुलीपाशी बसून ऐकलं. तो आत आला तो बेलासाठी आला, आपल्यासाठी नाही, असं ते म्हणत होते. इतकी वर्षं झाड देवळात जात राहिलं आणि माणसं पायरीखाली. हे झाड अंगणात आहे तोवर कोणी ना कोणी दर श्रावणात येणार आणि ती पायरी मला आठवणार. ते उद्या तोडून टाकतो, असं त्यांनी सांगितलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच मायचे हात भाकरी थापता थापता थांबले.

मला रडू आलं ते देवासाठी नाही. माझा झोका त्या झाडाला होता. आणि मायसाठी त्या झाडाचं फळ म्हणजे घरातला वैद्य. माझ्या धाकट्या भावाला हगवण लागली तेव्हा भाजलेल्या बेलाच्या गरानंच तो तगला, असं ती सगळ्यांना सांगायची. तरी त्या संध्याकाळी तिनं थांबलेली भाकरी तव्यावर टाकली. बाचं दुखणं तिला कळत होतं. मलाही ते आता कळतं. स्वतःच्या अंगणातलं झाड बघून आपली मान खाली जावी, हे सोसणं सोपं नसतं.

सकाळी बा दगडावर कुऱ्हाड पाजळत बसले. माय राखेनं भांडी घासत होती. कुऱ्हाडीवर पाण्याचे शिंतोडे मारून बा उठले, तशी ती राखेच्या हातांनीच पुढे आली आणि झाड आणि बा यांच्या मधे उभी राहिली.

"तुमी रोज सांजच्याले काय म्हनता? जीव मारनार नाई म्हनता ना? मंग या झाडावर किती जीव हायेत ते एकदा पाहून घ्या, आन् मंग तोडा. मी आडवत नाई."

बा चिडले. अळीबिळीचं काय मनावर घ्यायचं, असं काहीतरी पुटपुटले. पण शब्द त्यांच्याच तोंडचे होते आणि रोज चढ्या आवाजात म्हटलेले होते, गिळायचे कसे? त्यांनी मला हाक मारली. मी त्यांना दाखवत गेले. ही शिटेसारखी दिसते ती अळीच आहे, ही हिरवी, आणि हा कोष. कोष खोडाला टेकून असतो आणि त्याच्या कमरेला एक बारीक धागा. शिंदीवर चढणारा माणूस कमरेला दोर बांधून मागे रेलतो ना, तसा तो रेललेला. बानं तो बराच वेळ पाहिला. शिंदीवर ते स्वतः चढायचे, त्यांना त्या धाग्याचं कौतुक वाटलं असावं. झाडाला पुरी फेरी मारून झाल्यावर त्यांनी कुऱ्हाड छपराच्या वाशात खोचली.

"हे उडून गेले की तोडतो," ते म्हणाले.

तो भादवा माझ्या आयुष्यातला सगळ्यांत श्रीमंत महिना. कोंबड्या माझ्यामागे फिरून फिरून कंटाळल्या आणि अंगणात पाखरंच पाखरं झाली. सकाळचं ऊन कुंपणावर आलं की एकेक कोष काळा पडायचा, पाठीवर उसवायचा आणि आतून ओलं, चुरगळलेलं काहीतरी सरपटत बाहेर यायचं. पिळून ठेवलेल्या फडक्यासारखे पंख. ते हळूहळू लोंबत मोठे व्हायचे. एका सकाळी बा निंदणाला निघालेले, विळा खांद्याला, आणि अंगणातच उकिडवे बसले ते ऊन डोक्यावर येईपर्यंत. पुढ्यात एक कुंकवाची पंख वाळवत होती. मालकाचं बोलावणं येऊन गेलं, त्या दिवसाचा खाडा झाला, मायनं दोनदा हटकलं. ते पाखरू उडालं, कुंपणावरून गेलं, तेव्हा कुठे बा हलले.

"दरसाली हे आपन कोंबडीले टाकत होतो," एवढंच ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

माय धुणं घेऊन नाल्यावर जायची तेव्हा मीही जायची. पूर ओसरलेला, काठाला ओली वाळू. त्या वाळूवर वकिलांची बैठक भरायची. पंधरावीस काळे कोट अंगाला अंग लावून बसलेले, पंख थरथरताहेत, सोंडा वाळूत. मी दबकत जवळ जायची आणि मग एकदम धावायची. सगळं कोर्ट माझ्याभोवती हवेत उठायचं. गालाला पंखांचा वारा लागायचा. अंगाला साबणाचा आणि शेवाळाचा वास, काठावर तेरडा फुललेला, माय दगडावर लुगडं आपटतेय आणि मला ओरडतेय. सुख म्हटलं की मला अजून तेच दिसतं. त्यानंतर बरंच काही बरं झालं आयुष्यात, नोकरी, घर, नातवंडं. पण तो पंखांचा वारा काही परत लागला नाही, आणि त्याची मला अजून भूक आहे.

उडून गेली की तोडतो म्हणणाऱ्या माझ्या बाला एक गोष्ट ठाऊक नव्हती. जी उडून जातात ती परत येतात. भादव्यातल्या पाखरांनी पुन्हा अंडी घातली, आश्विनात पुन्हा अळ्या. बा म्हणाले, ही पिढी जाऊ दे. दिवाळीनंतर जिन सुरू झाली आणि ते विसरले. उन्हाळ्यात बेलाची पानं झडली तेव्हा माय त्यांना चिडवायला म्हणाली, काढून देऊ का कुऱ्हाड? बानं वर पाहिलं. एका उघड्या फांदीला वाळक्या पानासारखा एक कोष होता. हा राहिला आहे अजून, असं ते गंभीरपणे म्हणाले. मग दर वर्षी हेच. वस्तीतली माणसं त्यांना टोकायची, देव सोडला आणि देवाचं झाड काहून ठेवलं म्हणून. बाचं उत्तर ठरलेलं होतं.

"भाडेकरू हायेत त्याच्यावर. निघूनच नाई राह्यले, तर मी काय करू?"

गुरव पुन्हा आला का? आला. पुढच्या श्रावणात आला, त्याच्या पुढच्याही. दर खेपेला कुंपणाशी अडखळायचा आणि मग आत यायचा. भोकं नसलेलं पान शोधायला त्याला वेळ लागायचा, तेवढ्यात बोलणं व्हायचं. पावसाचं, कपाशीचं, कोणाच्या बैलाचं. आमच्या घरचं पाणी तो प्यायला असं मात्र मी पाहिलं नाही. त्यापुढे जायला त्याला जमलं नाही आणि बानंही कधी विचारलं नाही. एकदा फक्त तो वर बघत म्हणाला की पाखरं यंदा लई आहेत, आणि बा ‘हाव’ म्हणाले.

मला पुढच्या शिक्षणासाठी यवतमाळात राहायचं झालं तेव्हा बानं गावचं घर सोडायचं ठरवलं. जिनपासून जवळ शहराच्या कडेला एक तुकडा जागा मिळाली, तीच ही. गावातल्या जागेवरून पुढे रस्ता गेला आणि बेल त्यात गेला. निघायच्या दिवशी बैलगाडीत सामान चढत होतं. पेटी, पाटा-वरवंटा, बुद्धाचं चित्र गोधडीत गुंडाळलेलं. बा दिसेनात. शोधत गेले तर ते बेलाच्या बुंध्याशी बसून सब्बलीनं खणत होते. बेलाच्या मुळाला फूट येते, तशी एक हातभर उंचीची फूट त्यांनी मातीच्या गोळ्यासकट काढली होती आणि ओल्या गोणपाटात बांधत होते.

मी त्यांना खूप चिडवलं. अगदी पोट धरून हसले. म्हटलं, बा, जुनं तोडायचं होतं ना तुम्हाला, मग हे नवं कायले लावता? त्यांनी गाठ मारली, गोणपाट छातीशी धरलं आणि एक पान उलटं करून मला दाखवलं. पानाच्या मधोमध चिमणीच्या शिटेसारखं काहीतरी चिकटलेलं होतं.

"याच्यावर एक हाय. ते उडून गेलं की मंग पाहू."

अख्ख्या वाटेत त्यांनी ते रोप खाली ठेवलं नाही.

बाला जाऊन आता खूप वर्षं झाली. मायलाही. मी बेलाखाली बसते तेव्हा दोघं असतात आसपास असं मी म्हणणार नाही, तसल्या गोष्टींवर आमच्या घराचा विश्वास नाही. पण पान कुरतडल्याचा अगदी बारीक आवाज येतो कधी कधी, दुपारी सगळं शांत असलं की, आणि मग मी खुर्ची बुंध्याजवळ ओढते. शेजारच्या सुना फाटक ढकलून बिनधास्त आत येतात, चहा मागून घेतात, माझ्या कपातून पितात, आणि मला वाटतं हे बाला बघायला मिळायला हवं होतं. त्यांनी उठून सुनांना काठी आणून दिली असती.

रविवारी करवतवाला आला. मुलानं त्याला भिंतीची फट दाखवली, बुंधा दाखवला. मी खुर्चीवरून उठले आणि मुलाचा हात धरून त्याला झाडाला पुरी फेरी मारून आणली. ही अळीच आहे म्हटलं, ही हिरवी, आणि हा कोष, कमरेला धागा बघ. मुलगा इंजिनिअर आहे. तो त्या धाग्यासमोर बराच वेळ थांबला, चष्मा वर करून वाकून बघत राहिला, अगदी त्याच्या आजोबासारखा. मग मागे वळून त्यानं करवतवाल्याला विचारलं की भिंतीला तूर्त टेकू देता येईल का, ही एवढी पाखरं उडून जाईपर्यंत.

त्याला हे वाक्य मी कधीच सांगितलेलं नव्हतं. मी तोंड पदरात धरलं.

करवतवाला दिवाळीच्या आधी येतो म्हणाला. मीही हो म्हटलं, शहाण्यासारखी मान हलवली. त्याच वेळी वरच्या कोवळ्या शेंड्याशी एक कुंकवाची पंख फडफडवत होती आणि पोटाचं टोक वाकवून पानापानावर अंडी घालत होती. ते मी कोणालाच दाखवलं नाही.